दोन बोटं पाण्याखाली

४ मार्च, सोमवार

काल वाचनालयाच्या सभागृहात बोलले. विषय माझा जुनाच: वापराविना पडून राहिलेल्या वस्तू. कुलूप लावलेल्या खोल्या, फडताळात पिवळी पडलेली पुस्तकं. "तुमच्या कपाटात न घातलेला बुटांचा जोड असेल, तर तो कुणाच्या तरी अनवाणी पायांतून काढलेला आहे," असं म्हटलं आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या आल्या. मागच्या रांगेतून शिडं शिवणारा शिंपीही उठला. हा माझा जुना विद्यार्थी. इतिहासात जेमतेम पास व्हायचा.

"बाई, एक शंका."

"विचार."

"तुमची होडी गेल्या वर्षभरात किती वेळा पाण्यावर गेली?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "दोनदा," म्हणाले.

"मग ती कुणाच्या पायांतून काढलेली?"

लोक हसले. माझी जीभ माझ्याआधी धावते हे मला साठ वर्षांपासून ठाऊक आहे, तरी काल पुन्हा धावली. भर सभेत शब्द दिला: शर्यतींचा मोसम संपायच्या आत ही होडी, 'ठिणगी', विकेन, आणि जो खरोखर वापरेल त्यालाच विकेन. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

घराच्या पायऱ्या चढताना आठवलं, होडी निम्मी धाकट्या भावाची आहे.

५ मार्च

धाकट्याच्या दुकानात गेले. माझा हा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावलेलं, समोर कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचं पोट उघडलेलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाजूही मांडली: त्याचा गुडघा वाकत नाही, त्यामुळे नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, जाऊन पुढचं शीड त्याला सोडता येत नाही. मी गावोगाव भाषणं देत फिरते. आम्ही दोघं आता ती होडी पेलू शकत नाही. हा पराभव नाही, विवेक आहे.

तो म्हणाला, "बरं."

"बरं म्हणजे काय? तुझी हरकत असेल तर आत्ता मांड."

"नाही. विकायची म्हणजे आधी रिकामी करावी लागेल ना?"

"अर्थात."

"सगळी?"

"सगळी. माझी पुस्तकं काय गिऱ्हाइकाला फुकट देऊ?"

त्याने भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. मग शीळ घालायला लागला. चौदा वर्षं एका होडीत बसलो आणि ती जाणार म्हटल्यावर माणूस शीळ घालतो. मला बोचलं. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

९ मार्च, शनिवार

जाहिरात लिहिली. दीड पान झालं. चौदा वर्षांपूर्वी आम्ही ती जुनीच घेतली इथपासून सुरुवात, मग मनुष्य आणि समुद्र यांचं नातं, मग शेवटी लांबी. धाकट्याने पेन्सिल घेतली आणि उरलं ते असं:

'शिडाची होडी विकणे आहे. चोवीस फूट. शर्यतीला चालते, लांबच्या सफरीलाही. आत चौघांची झोपायची सोय. वापरणाऱ्यालाच.'

"यात आत्मा कुठे आहे?"

"आत्मा बघायला लोक येतील," तो म्हणाला.

'शर्यतीला चालते, लांबच्या सफरीलाही' या एका वाक्यात आमचं सगळं भांडण आहे. धाकट्याला शर्यत हवी. मला सफर: किटली, दोन घोंगड्या, वारा पडला की वाचायला काहीतरी. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो किटली धक्क्यावर काढून ठेवायचा आणि शर्यतीच्या दिवशी मी ती परत आत ठेवायचे. पुस्तकांना मात्र त्याने कधी हात लावला नाही. एकदाच, बऱ्याच वर्षांपूर्वी, विचारलं होतं, "ताई, यातली वाचून किती झाली?" त्याला वाचनाची गोडी लागते आहे असं वाटून मी आणखी दोन खोकी नेऊन ठेवली.

१२ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. उपाहारगृहाचा मालक, पांढरे बूट. होडी बागेत उभी करून तिच्यात दोन टेबलं टाकायची आहेत म्हणे. "लोक फोटो काढतील."

मी त्याला विचारलं, घोडा विकत घेऊन तुम्ही त्याच्यावर टोप्या टांगता का? पुढे वीस मिनिटं बोलले. शेजारच्या होडीतल्या दोघांनी काम थांबवून ऐकलं. बंदरात मला भोंगा म्हणतात, ते काही उगीच नाही. पांढरे बूट पाठमोरे झाले तेव्हा धाकटा म्हणाला, "पैसे बरे देत होता."

"तू शीळ घाल," मी म्हटलं.

१६ मार्च, शनिवार

दुसरं गिऱ्हाईक, नवराबायको. बाई चांगली होती. नवऱ्याने फीत काढून आतली फळी मोजली आणि विचारलं, इथे मोठा टीव्ही बसेल का. मी तोंड उघडणार तोच बायको म्हणाली, "चल, आपण फ्लॅटच बघू."

मला हलकं वाटलं. का वाटलं याचा शोध आज घेणार नाही.

२१ मार्च

कुणी नाही. शिंपी वाटेत भेटला. "बाई, मोसम संपायला दहा दिवस." मी म्हटलं, मला कॅलेंडर वाचता येतं, तुला सनावळी कधी आली नाही.

२४ मार्च, रविवार

आज एक बाई आली, तिच्याविषयी नीट लिहायला हवं.

पेठेतली बेकरीवाली. चाळिशीची, कोपरापर्यंत पीठ, दंड माझ्या मांडीएवढे. रात्री दोनला भट्टी पेटवते, सकाळी अकराला मोकळी होते. "बाकी जग जेवायला बसतं तेव्हा माझी संध्याकाळ असते," म्हणाली. "त्या वेळात मला गच्चीवर बसून राहायचा कंटाळा आलाय." लहानपणी मामाच्या होडीवर शिकलेली. त्यानंतर हात लावलेला नाही.

आत आली, किटली उचलली. "साडेसातशे ग्रॅम." घोंगड्या उचलल्या. "सव्वातीन किलो." मी वजन करून पाहिलेलं नाही, पण तिच्याशी वाद घालायची छाती झाली नाही. मग तिने झोपायच्या फळ्या उचलल्या आणि खाली वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

"पुस्तकं. त्या बाजूला माझ्या छापील भाषणांचे गठ्ठे. प्लास्टिकमध्ये बांधलेत, दमट होत नाहीत. घरात जागा उरली नाही."

"कशावरची भाषणं?"

सगळ्यात वरचा गठ्ठा 'वापराविना पडलेल्या वस्तू'च्या पहिल्या आवृत्तीचा होता. बांधणीची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. तिने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, फळी हळूच खाली ठेवली. मोठी सभ्य बाई.

मग धक्क्यावर गुडघे टेकून ती होडीच्या पोटावरची रंगाची रेषा बघत बसली, जिथे पाणी टेकायला हवं ती. नखाने खरवडली.

"ही कोण मारतं?"

"मी," धाकटा म्हणाला.

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"दर वेळी थोडी वर गेलेली दिसते."

"ब्रश घसरतो," तो म्हणाला.

केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस. ब्रश घसरतो म्हणे. वय झालं त्याचं. मला वाईट वाटलं. तरी दरवर्षी म्हणत होते, एकदा माझ्या हातात ब्रश दे. कधी दिला नाही.

बेकरीवाली हात झटकत उठली. "मी पीठ घेते तेव्हा पोत्याचं वजन वजा करून घेते. ही रिकामी करून मला पळवून दाखवा. पुढच्या रविवारी शेवटची शर्यत आहे ना? मी येते बरोबर. आवडली तर घेते."

धाकट्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं मी लोकांना चांगल्या ग्रंथाकडे बघताना पाहिलं आहे.

२८ मार्च

दिवसभर उपसा. नऊ गठ्ठे भाषणं, दोनशे सत्तर पुस्तकं, दुसरा नांगर (भीतीपोटी घेतलेला, एकदाही टाकलेला नाही), टाइपरायटर, वाटाण्यांचे बावीस हवाबंद डबे, छत्र्या तीन. गुडघा असूनही धाकट्याने निम्मं वाहिलं. एकदाही थांबला नाही. प्रत्येक फेरीला शीळ.

शेवटचा गठ्ठा बाहेर आला तेव्हा 'ठिणगी' हलली. मानेवरचं ओझं उतरवलेल्या हमालासारखी जरा वर आली. मी बघितलं तर रंगाची रेषा पाण्याच्या दोन बोटं वर, कोरडी. खाली आणखी रेषांच्या कडा दिसत होत्या, एकीखाली एक. जुन्या रंगाचे थर असावेत.

"रंग वाईट झालाय. गिऱ्हाइकाला काय वाटेल," मी म्हटलं.

"काही नाही वाटणार."

घरी माझ्या खोलीत आता पुस्तकांच्या वाटेतून पलंगापर्यंत अंग चोरून जावं लागतं. होडीतली रिकामी फळी निघताना दोनदा पुसली. शब्द दिलाय. शब्द पाळीन. पण इतकं आनंदी होऊन कुणी निरोप देतं का?

३१ मार्च, रविवार

हातांवर दोरांचे वळ उठलेत. जमेल तसं लिहिते.

आधी इतिहास. चौदा वर्षांत एकतीस वेळा आम्ही दुसरे आलो. दर वेळी शिंप्याच्या होडीमागे, आणि दर वेळी अर्ध्यापाऊण मिनिटाने. कारणं मी वेळोवेळी लेखी दिलेली आहेत. शिंप्याने आमचं शीड मुद्दाम ढिलं शिवलं. वळायची खूण म्हणून तरंगत ठेवलेला बोया चुकीच्या जागी होता. वेळ टिपणारे आजोबा त्याच्या बाजूने आहेत. शर्यत समितीला माझी अकरा निवेदनं गेली, त्यातलं एक सतरा पानांचं. भरतीच्या विरोधातही मी एकदा बोलले आहे.

आज वारा मंद, सगळ्यांना सारखाच. सुकाणूवर धाकटा, पुढच्या शिडावर मी आणि बेकरीवाली. भोंगा वाजला (खरा) आणि आम्ही निघालो. मी सवयीने दोर सैल सोडला. 'ठिणगी'ला वेग घ्यायला वेळ लागतो, तिला समजून घ्यावं लागतं. आज ती समजून घ्यायला थांबली नाही. माझ्या हातून दोर सुटला.

"ओढा," बेकरीवाली म्हणाली आणि कणीक तिंबल्यासारखा दोर हातावर गुंडाळत तिने एकटीनेच तो ओढला.

पहिल्या बोयापाशी शिंप्याची होडी आमच्या पुढे नव्हती. मी तिला पुढे शोधत होते. ती बाजूला होती. शिंपी माझ्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. चौदा वर्षांत त्याची फक्त पाठ पाहिली होती. समोरून दिसायला बरा आहे.

"बाई, इंजिन लावलंत काय?" तो ओरडला.

मी बोलायचं सोडून दोर ओढला. तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट.

दुसऱ्या फेरीला तो मागे होता. मी मागे वळून वळून बघत होते, कारण पुढे बघायला कुणी नव्हतं. फक्त पाणी. पहिलं येणाऱ्याला काय दिसतं ते मला माहीत नव्हतं. काहीच दिसत नाही, आणि ते फार छान असतं.

शेवटच्या रेषेवर आजोबांनी झेंडा पाडला. धाकट्याने हातातलं घड्याळ दाबलं, शिंप्याची होडी रेषेवर आल्यावर पुन्हा दाबलं, बघितलं, आणि चेहरा पाडला.

"काय झालं? जिंकलो ना?"

"जिंकलो. एकोणचाळीस सेकंदांनी."

"मग?"

"एक सेकंद चुकला," तो म्हणाला.

मला कळलं नाही. बेकरीवालीला कळलं. ती होडीच्या कडेवरून खाली वाकून त्या रेषांकडे बघत होती, एकीखाली एक, आणि हसत होती. आवाज न करता, खांदे हलवून. मग मीही वाकले. पाणी सगळ्यात खालच्या रेषेला टेकलेलं होतं. बरोबर रेषेवर. चौदा वर्षांपूर्वीच्या.

मी इतिहास शिकवला आहे. थर मोजता येतात मला. चौदा होते, दर वर्षीच्या खोक्यांमागे एक.

१ एप्रिल

सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात उभी राहिले. आज बोलायचं नाही, विचारायचं, असं ठरवून गेले होते.

"तुला माहीत होतं."

त्याने खण उघडून एक घडीचा कागद काढला. घड्याळजीची बारीक अक्षरं, पिवळा पडलेला कागद, अकरा वर्षांपूर्वीची तारीख. 'पुस्तकांशिवाय: ४० सेकंदांनी पुढे.' एवढंच.

"अकरा वर्षं! आणि मी त्या म्हाताऱ्या आजोबांवर सतरा पानं लिहिली."

"वाचली मी. चांगली होती."

"सांगितलं का नाहीस? मी सगळी खोकी त्याच दिवशी काढली असती."

"म्हणून."

"म्हणून काय? पूर्ण वाक्य बोल, आयुष्यात एकदा."

त्याने भिंग काढून ठेवलं. भिंगाशिवाय त्याचे डोळे लहानपणीसारखेच आहेत.

"तू पुस्तकं काढली असतीस. मग दोन शर्यतींना आली असतीस. मग एखादं भाषण निघालं असतं." त्याने खण बंद केला. "जिंकायला कुणीही चाललं असतं, ताई."

इतकं मोठं भाषण त्याने आजवर केलेलं नाही. मी केलेल्या भाषणांत याच्या तोडीचं एकही नाही.

"मग आता शीळ का घालत होतास? होडी विकली जाणार म्हणून?"

"एकदा रिकामी पळताना बघायची होती. विकायच्या आधी." मग म्हणाला, "विकायचं वाईटच वाटत होतं. तू शब्द दिला होतास."

मी दुकानाच्या स्टुलावर बसले. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती. त्यांना मध्येच तोडावंसं वाटलं नाही.

३ एप्रिल, बुधवार

बेकरीवाली साडेअकराला आली, पावांची पिशवी घेऊन. होडी आवडली म्हणाली. घ्यायची आहे. पण.

"पण काय?"

"मला एकटीला सुकाणू धरून पुढचं शीड सोडता येणार नाही. मला सुकाणूवर माणूस लागेल. आणि हे," तिने धाकट्याकडे हनुवटी केली, "यांच्यासारखं सुकाणू धरणारं मी पाहिलेलं नाही. सगळी होडी मला नकोच. निम्मी द्या."

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. चौदा वर्षं मी त्याच्याकडे बघितलं नाही त्याची ती भरपाई असावी.

मी शब्द आठवला: जो खरोखर वापरेल त्यालाच. धाकट्याचा निम्मा भाग कधी वापराविना नव्हताच. तो दर रविवारी धक्क्यावर जाऊन पाणी उपसायचा, दोर बदलायचा, रेषा मारायचा. पडून होता तो माझा निम्मा.

"माझा घ्या," मी म्हटलं.

संध्याकाळी वाचनालयात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. शिंपी उठला. "बाई, ही पळवाट आहे. शब्द अख्ख्या होडीचा होता."

"ही मूळ ठरावाला उपसूचना आहे," मी म्हटलं. "सूचक बेकरीवाल्या बाई. अनुमोदन कुणाचं?"

मागून धाकटा म्हणाला, "माझं." तो अशा जागी कधी येत नाही. हात वर करून उभा होता, दुखऱ्या गुडघ्यावर. ठराव संमत झाला. शिंप्यानेही हात वर केला, आणि खाली करताना म्हणाला, "आता पुढच्या मोसमात मला दुसरं यावं लागणार. अर्ज कुणाकडे करायचा?"

६ एप्रिल

वेळ टिपणाऱ्या आजोबांना क्षमापत्र लिहिलं. चार पानं झाली. तीन पानं प्रस्तावना होती. ती फाडली. उरलेलं घेऊन स्वतः गेले. ते म्हणाले, "तुमची निवेदनं मी जपून ठेवली आहेत. हिवाळ्यात करमणूक होते." मग कॉफी पाजली. भला माणूस आहे. मी चौदा वर्षं त्याला उगाच खलनायक केलं.

आठ गठ्ठे शाळांना आणि वाचनालयांना वाटून टाकले. एक गठ्ठा बेकरीवालीने मागून घेतला. पाव बांधायला कागद लागतो म्हणाली. तासाभराने विचारायला आली की तिसऱ्या पानावरच्या मुद्द्याचं पुढे काय झालं. पाव घेणारं गिऱ्हाईक वाचत उभं राहतंय, रांग पुढे सरकत नाही.

१० एप्रिल

नव्या मालकांची बैठक बेकरीत, भट्टी निवल्यावर. मी मालक नाही, पण मला बोलावलं. पुढच्या शिडासाठी तिसरे हात हवेत. मला घ्यायचं असं ठरलं, एका अटीवर: एका फेरीला एक पुस्तक. बेकरीच्या काट्यावर वजन करून, अर्ध्या किलोच्या आत.

"हा विचारस्वातंत्र्यावर घाला आहे," मी म्हटलं.

"पावाचाही नियम तोच," बेकरीवाली म्हणाली.

१३ एप्रिल, शनिवार

'ठिणगी' धक्क्यावर ओढून घेतली आहे. पोट उघडं, चौदा थर खरवडून पार साफ केलेलं. बेकरीवाली दुपारी काटा घेऊन आली. उद्या पहिली फेरी. मी एक पुस्तक ठेवलं: चारशे वीस ग्रॅम. पास.

धाकट्याने खडूने खालची जुनी रेषा आखली, चिकटपट्टी लावली, रंगाचा डबा उघडला आणि ब्रश माझ्या हातात दिला. चौदा वर्षं मागत होते.

मी ब्रश बुडवला. वाकले, तशी माझ्या कोटाच्या आतल्या खिशातली दुसरी वस्तू होडीच्या लाकडावर ठक्क वाजली. पातळच आहे. जेमतेम दोनशे पानं. अंगावरच्या वजनाबद्दल ठरावात काही म्हटलेलं नाही.

बेकरीवालीने ऐकलं नाही. धाकट्याने ऐकलं. माझ्या खिशाकडे पाहिलं, मग गुडघा सांभाळत खाली बसला, चिकटपट्टी सोडवली, आणि केसभर वर लावली.

या वेळी मी बघितलं.